मशीन पोर्चमध्ये आणली

"ये कौन है?" शेठनं मले नाही, माह्या मालकाले विचारलं.

मी कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरपाशी उभी होती. एका हातात स्क्रू कसायचा पेचकस, दुसऱ्या हातात ग्राफिक्स कार्डचा खोका. मालकाले सगळं मार्केट भैया म्हणे. भैयानं माह्याकडं न पाहताच सांगितलं, "पीछे साफ-सफाई करती है."

"तो पोंछा पकड़ाओ. कार्ड काहे पकड़ाया?"

शेठ हसला. त्याचा पोट्टा हसला. भैया हसला, भैयाचा भाचा हसला. आणि मी पण हसली. हे सांगताना आजही जीभ जड होते. पण हसली.

माहा गुन्हा इतकाच का मी तोंड उघडलं होतं. शेठचा सिलतऱ्यात लोखंडाचा कारखाना. पोट्ट्याले गेम खेळायले कॉम्प्युटर पायजे होता. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्यानं दुकानातलं सगळ्यात मोठं कार्ड धरलं. असं कार्ड वीज खाते बेसुमार. आणि भैयानं त्याच्यासोबत लावून दिली हलकी पॉवर सप्लाय, वर्षभर धूळ खात पडलेली. मी म्हटलं, "ये सप्लाई इस कार्ड को नहीं झेलेगी. गेम चालू हुआ कि मशीन बंद. कार्ड थोड़ा छोटा लो, सप्लाई बड़ी लो."

त्यावर शेठनं विचारलं का मी कोण.

मी कोण? तीन वर्षं त्या दुकानातली हर एक मशीन मीच जोडून राहिली होती. मागच्या खोलीत. खिडकी नाही. कोणता प्रोसेसर, कोणता मदरबोर्ड, कशाले काय जुळते, सगळं मी ठरवायची. बाहेर भाचा सांगायचा, "मैंने बनाया." गिऱ्हाईक असलं का मी बाहेर यायचं नाही, असा नियम. त्या दिवशी भाच्याले कार्ड सापडून नव्हतं राहिलं, म्हणून घेऊन आली.

नियम काहून होता, हे मले पहिल्याच दिवशी समजायले पायजे होतं. "पूरा नाम?" भैयानं विचारलं. मी सांगितलं. आडनाव ऐकून म्हणाला, "अच्छा, अच्छा." दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत माह्यासाठी वेगळा स्टीलचा गिलास आला.

तरी सोडलं काहून नाही? माही आयटीआयची ओरिजिनल मार्कशीट भैयाच्या ड्रॉवरमध्ये. "सेफ रहेगी." आणि घरी बाबा. भंडाऱ्याकडून इकडं हिंदी मुलखात आलेले. उरल्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये जिंदगी गेली, छातीत धूळ बसली. खोकला सुरू झाला का अर्धं वाक्य तसंच राहून जाये. मी जाणार कुठं?

त्या दिवशी मी मागं गेली आणि तीच मशीन जोडली. चुकीची आहे हे माहीत असून. एकेक स्क्रू कसला.

आठ दिवसांनी शेठचा फोन आला. गेम लावला का मशीन बंद पडते. भैया आपल्या गाडीनं गेला. मले ऑटोनं ये म्हटलं. शेठच्या घराच्या फाटकापाशी मले थांबवून हळूच म्हणाला, "बोल दे, तुझसे तार गलत लग गया. माफी मांग ले. बाकी मैं देख लूंगा."

समता कॉलोनीतलं घर. नाव समता.

मी चपला काढल्या, दाराकडं निघाली. शेठाणी आडवी आली. "अंदर नहीं. मशीन बाहर ला देते हैं."

म्हणजे भैयानं माहं आडनाव इथंही पोचवलं होतं.

मशीन पोर्चमध्ये आणली. पोट्ट्याच्या एसीच्या खोलीतून अख्खी मशीन, स्क्रीन, की-बोर्ड, सगळं नोकरानं बाहेर वाहून आणलं. आतून लांब वायर ओढली. इतकी मेहनत, मी उंबरा ओलांडू नये म्हणून. मे महिना. फरशी पोळून राहिली होती. मी उकिडवी बसून झाकण खोललं. वायरी पाहिल्या. सगळ्या बरोबर. गेम लावला. मिनिटभरात स्क्रीन काळी.

शेठ दारात उभा. "अब क्या हुआ?"

भैयानं मले कोपरानं ढोसलं. "बोल."

मी उठली नाही. बसल्या जागेवरूनच पोट्ट्याले विचारलं, "मैं दुकान में क्या बोली थी? तुम तो सामने खड़े थे."

पोट्टा मोबाइल पाहत राहिला. त्याले सगळं आठवून राहिलं होतं. त्याचे कान लाल झाले होते.

मंग मी उभी राहिली. "तार सही है. सप्लाई छोटी है. मैंने उसी दिन बोला था. माफी नहीं मांगूंगी."

"मार्कशीट भूल गई क्या?" भैया दात खाऊन म्हणाला.

"रख लो."

मशीन तशीच उघडी सोडली आणि फाटकाबाहेर आली. फाटक लावलं नाही.

घरी बाबा म्हणाले, "मागून घ्यायची होती बाई माफी. तुह्या बापानं मिलमध्ये कितीकदा मागली." मी म्हटलं, "तुमी मागत राहिले बाबा, म्हणून माह्यावरही ती पाळी आली." हे बोलायले नको होतं का, मले अजून समजत नाही. पण परत घेणार नाही.

भैयानं मार्केटभर सांगून ठेवलं, हिले ठेवू नका. कोणीच ठेवलं नाही. दुसऱ्या मार्कशीटसाठी अर्ज केला, आयटीआयच्या खिडकीवरून चार वेळा परत आली, पाचव्यांदा कागद हातात पडला. आता आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल टाकलं आहे. लोक मशीन आणतात. कमी आणतात. काही जण नाव ऐकून उचलून परत घेऊन जातात.

लोक म्हणतात, पोर्चमध्ये मी हिंमत केली. मले तसं वाटत नाही. ते "नाही" तोंडातून आठ दिवस उशिरा निघालं. तोवर माह्याच हातानं ती चुकीची मशीन बनून गेली होती. आता "नाही" म्हणायचं ते मी स्क्रू कसायच्या आधी म्हणीन. तोंडावर. माणूस कोणी का असेना.