उंटाला शाल

आमच्या चॅनलचा सगळ्यात मोठा कलाकार कोण, असं विचारलंत तर चहा आणून देणारासुद्धा सांगेल: उंट. रविवारी सकाळी मुलांना हिंदीत कोडी घालणारा, रुसणारा, पाढे चुकवणारा कापडी उंट. त्याची मान म्हणजे माझा उजवा हात, कोपरापासून बोटांपर्यंत. आवाजही माझाच. टेबलाखाली घरून आणलेल्या पाटावर बसायचं, हात वर करायचा आणि पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर बघत उंटाला जगवायचं. हात उजवीकडे नेला की त्या पडद्यावर उंट डावीकडे जातो. एवढं अंगवळणी पडायला माझं अर्धं तारुण्य गेलं.

स्टुडिओत रीत अशी की बोलायचं ते उंटाशी. डायरेक्टर म्हणायचा, "ऊँट सर, ज़रा कैमरे की तरफ़." आणि माइक खरखरला की, "नीचे वाली मैडम, हिलिए मत." दिवाळीत मालकांनी मिठाईचा डबा उंटाच्या तोंडासमोर धरला. मी खालून दुसरा हात पुढे केला, तर केवढे दचकले!

घरचा तोरा आणखी वेगळा. आम्ही दाना ओलीतले, म्हणजे हिंदी मुलखातल्या जुन्या मराठी वस्तीतले. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात साधे कारकून होते, पण बाबा सांगायला लागले की ते दिवाणाच्या खालोखाल जाऊन बसतात. पिढ्यान्‌पिढ्या दरबारात कमरेतून वाकलो याचा केवढा अभिमान, आणि मी टेबलाखाली वाकते त्याची लाज. माधवगंजच्या देवळात कुणी विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "चॅनलच्या ऑफिसात असते." कार्यक्रम मात्र कधी चुकवत नाहीत. खदखदून हसतात, असं आई सांगते. मी घरी आले की विषय बंद. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत त्यांनी म्हणावं की तो उंट म्हणजे आमची मुलगी, एवढंच मला हवं होतं.

मग चॅनलने कापडी उंट बंद करून कॉम्प्युटरवरचा आणायचं ठरवलं. तो थकत नाही, म्हणे. त्याला सर्दीही होत नाही. शिंदे की छावनी भागातल्या एका हॉलमध्ये निरोप समारंभ ठेवला. निरोप उंटाला, बॅनरवर फोटो उंटाचा. आज तरी आपल्याला वर बोलावतील, असं मूर्खासारखं वाटून मी बाबांना आग्रहाने नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. तेवढ्यात डायरेक्टर आला. "मैडम, आप नीचे बैठ जाइए. सर को शॉल ओढ़ानी है."

बसले. पाहुण्यांनी उंटाच्या मानेवर शाल घातली आणि नारळ पुढे केला. आता उंटाने नारळ घ्यायचा कसा, यावर स्टेजवरची शहाणी माणसं गंभीरपणे कुजबुजू लागली. मी हात काढून घेतला.

उंट शालीसकट टेबलावर आडवा झाला. मुलं किंचाळली. पाहुणे नारळ पोटाशी धरून मागे सरले. मी टेबलामागून उठून उभी राहिले, घामाने निथळत, केस विस्कटलेले.

बाबांच्या शेजारी माधवगंजचे एक काका बसले होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, ही तर तुमची मुलगी! म्हणजे उंट हीच की काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं नीट पाहिलं.

"नाही हो," ते म्हणाले. "ती ऑफिसात आहे ना. काही सामान गिरलं असेल तिचं टेबलाखाली."

माझे कान तापले. रडू येत होतं आणि त्या रडूचाही संताप येत होता. मी परत पाटावर बसले, उंटात हात घातला आणि मान वर काढली. टाळ्यांचा कडकडाट झाला. उंट पुढच्या रांगेकडे वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा मराठीत बोलला.

"नमस्कार बाबा. ओळखलंत का मला?"

टेबलाच्या फटीतून मला दिसलं. बाबा लगबगीने उठून उभे राहिले होते. त्यांनी उंटाला दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "वा! आपल्याला कोण ओळखत नाही!"