अवधूतने काय विचारलं

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर मालन पेडणेकर राहते. राहते म्हणजे एकटी राहते. नवरा रामू मिलमध्ये होता. मिल गेली आणि मागोमाग तोही गेला. मुलगा वैभव, सून प्राची आणि नातू अवधूत गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर बंगळुरूला गेले, कारण वैभवची नोकरी तिकडे गेली. निघताना वैभव म्हणाला होता, "आई, करमलं नाही तर सरळ निघून ये." मालन एकदा जाऊन आली. तिथे खिडकीतून खाली बघितलं की माणसं मुंग्यांसारखी दिसतात, आणि शेजारणीचं दार उघडं म्हणून कधी दिसत नाही. एकटं राहायचंच आहे तर आपल्या खोलीत राहावं, निदान चहाचं गाळणं कुठे आहे ते तरी ठाऊक असतं, असा विचार करून ती परत आली.

तर ही गोष्ट शनिवारची. चाळीच्या तळमजल्यावर गणपती मंडळाची खोली आहे. एका बाजूला ढोल, मखराच्या फळ्या, कबड्डीच्या ढाली, आणि उरलेल्या जागेत सतरंजी. तिथे दर शनिवारी दुपारी शिवाजी पार्कहून अक्षदा नावाची मुलगी कापडी पिशवी भरून चित्रांची पुस्तकं घेऊन येते. ज्या घरात लहान मूल, त्या घराला आठवड्याला एक पुस्तक. घरच्या बाईने ते मुलाला वाचून दाखवायचं, आणि पुढच्या शनिवारी पुस्तक परत करताना मुलाने काय विचारलं ते सांगायचं. अक्षदा तो प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून मुलाच्या नावासकट भिंतीला लावते आणि मग सगळ्या मुलांना बसवून त्याचं उत्तर सांगते. उत्तर तिला येत नसेल तर तसं म्हणते, ही त्या पोरीची चांगली खोड.

अवधूत होता तेव्हा मालन त्याचा हात धरून खाली यायची. तो मांडीवर बसून दोन-दोन पानं एकदम उलटायचा आणि मधलं पान राहिलं म्हणून आजीवरच रागवायचा. तो गेला आणि त्याचं शेवटचं पुस्तक तेवढं घरात राहिलं, हत्तीचं. ते परत करायला म्हणून मालन त्या शनिवारी खाली आली. पोरगा गेला, आता आम्ही नाही येणार, एवढंच सांगायचं होतं.

अक्षदा पिशवीत डोकं घालून बसली होती. वर न बघताच म्हणाली, "अवधूतने काय विचारलं, आजी?"

मालनच्या तोंडून निघालं, "हत्तीला सर्दी झाली तर तो नाक कशाला पुसतो, म्हणाला."

अक्षदा खूप हसली. लिहून घेतलं, नवीन पुस्तक मालनच्या हातात दिलं आणि पुढच्या बाईकडे वळली. जिना चढताना मालनला कळलं आपण काय करून बसलो ते. पण पुस्तक हातात आलेलं, आता उलटं फिरून परत करायला जायचं तर लोक काय म्हणतील. एकच आठवडा, असं तिने स्वतःला सांगितलं. त्या एका आठवड्याचं वर्ष होऊन गेलं.

मालन तिसरीपर्यंत शिकलेली. जोडाक्षर आलं की तिची गाडी थांबते, मागे जाते आणि मग जोर करून पुढे येते. पण चित्रांची पुस्तकं तोंड मिटून वाचायची नसतात हे तिला न शिकवता कळलं होतं. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती कॉटवर बसायची, चष्मा चढवायची आणि म्हणायची, "ऐक हां अवधूत." मग पहिलं पान.

पलीकडच्या खोलीतून शेवंतीचा आवाज यायचा. शेवंती म्हणजे पन्नास वर्षांपासूनची शेजारीण, एकाच सालात दोघी लग्न होऊन या मजल्यावर आल्या.

"कोणाक वाचून दाखवतंस गो?"

"फ्रीजाक."

"काय म्हणता फ्रीज?"

"थंड आसा."

या थंडीत अक्षदाने सगळी पाण्याची पुस्तकं आणली. समुद्रातला एक थेंब तापतो, वर जातो, ढगात दाटीवाटीने बसतो, डोंगरावर आपटतो, खाली पडतो, नदीतून पुन्हा समुद्रात जातो. एका पुस्तकात थेंबाला टोपी होती, एकात नव्हती, बाकी प्रवास तोच. आयाबाया कंटाळल्या, एवढंच काय मुलंही कंटाळली. मालन मात्र त्यात पार बुडाली. सत्तरी उलटेपर्यंत पाणी म्हणजे पहाटे नळाला येतं आणि जातं, एवढंच तिला माहीत. ते येण्याआधी कुठे असतं आणि गेल्यावर कुठे जातं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं. विचारायला वेळ कुठे होता, हंडे भरायचे होते.

आता वेळच वेळ होता. मग प्रश्न पडायला लागले.

"अवधूत म्हणाला," मालन सांगायची, "आमच्या चाळीत पाणी वरच्या टाकीत चढवायला पंप लागतो. मग समुद्राचं पाणी आभाळात चढवायला पंप कुठे बसवलाय?"

पुढच्या शनिवारी, "अवधूत म्हणाला, समुद्राचं पाणी खारट. मग पाऊस खारट का नाही? मीठ कोणी काढून ठेवलं?"

त्याच्या पुढच्या शनिवारी, "गॅलरीत चादर वाळत घातली, तिचं पाणी पण ढगातच जातं ना? मग त्यातला आमच्या चादरीचा ढग कुठला, ते विचारत होता."

अक्षदा दर वेळी मान हलवत लिहायची. मग मुलांना समोर बसवून, "आपल्या अवधूतला असा प्रश्न पडला," असं म्हणून समजावून द्यायची. सूर्य नुसतं पाणी उचलतो, मीठ त्याला जड जातं, ते खालीच राहतं. मालन भिंतीला टेकून सगळं ऐकायची. एक तर तिला उत्तर मिळायचं. आणि दुसरं, त्या खोलीत अवधूतचं नाव घेतलं जायचं, तो बाहेर गॅलरीत खेळत असल्यासारखं. बाकीच्या बायका आपापल्या पोरांची नाकं पुसत बसलेल्या असत. त्यांचं आपल्याकडे लक्ष नाही, असं मालनला वाटे.

आणि मग एका शनिवारी अक्षदा म्हणाली, "पुढच्या वेळी आपण उलटं करायचं. मुलं पुस्तक सांगतील, मोठ्यांनी ऐकायचं. आणि सुरुवात अवधूतच्या प्रश्नांनी. आजी, त्याला आणाच हं. दर वेळी झोपलेला असतो, नाहीतर क्लासला गेलेला असतो. वर्ष झालं, मला दिसलाच नाही तो."

"आणते की," मालन म्हणाली. जीभ एकदा घसरायला लागली की घसरतच जाते.

तो आठवडा वाईट गेला. खरं सांगितलं तर शनिवार बंद. नाही सांगितलं तर मुलगा कुठून आणायचा? खोटं बोलायचा आता तिला सराव होता, पण या वेळचं खोटं काही केल्या बसेना. गावी जत्रेला गेलाय म्हणावं, तर जत्रेला गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात परत येतो, ही जत्रेची अडचण. ताप आलाय म्हणणं सगळ्यात सोपं. पण ते तिला जमणारं नव्हतं. पोराला खोट्याने कधी आजारी म्हणू नये, तसं म्हटलं की आजार घर शोधत येतो, असं तिची आई मानायची, आणि मालनही मानते. नातू इतका लांब, त्याला खरंच काही झालं तर डोक्यावरून हात फिरवायलाही आपण तिथे नाही. ताप नको.

बुधवारी तिने वैभवला व्हिडिओ कॉल लावला.

"अवधूतला जरा दे रे. पुस्तक वाचून दाखवते."

अवधूत आला. केस वेगळे कापले होते. मालनने पुस्तक मोबाईलसमोर धरलं, उलटं धरलं, मग सुलटं केलं. "ऐक हां अवधूत," असं खऱ्या अवधूतला म्हणताना तिचा आवाज उगाच चढला.

"आजी, हे बेबी बुक आहे. वॉटर सायकल आमची झाली."

"झाली? मग मला सांग, समुद्रावर पाऊस पडतो तो कशाला? तिथे कोणाला पाणी हवंय?"

अवधूतने थोडा विचार केला. "ते टेस्टला नसतं," तो म्हणाला. मग तिकडे कोणीतरी बेल वाजवली, त्याला सायकल चालवायला बोलावलं, आणि मोबाईलवर छताचा पंखा दिसायला लागला. बऱ्याच वेळाने वैभवचा चेहरा आला. "आई, गेला गं तो. काही काम होतं का?"

"नाही रे. जेवलास?"

शेवंती दारात येऊन उभी राहिली होती. हातात निवडायला घेतलेल्या मेथीची जुडी. आत येऊन बसली, जुडी मालनच्या मांडीवर अर्धी टाकली.

"खालच्या मजल्यावरल्या स्वप्नीलच्या झिलाक, त्या बारक्या पोराक, घेवन जा," ती म्हणाली. "एक दिवस अवधूत म्हण त्याका. बिस्किटाचो पुडो दिलंस तर काय पण म्हणान घेतलो."

मालनचा हात मेथीत थांबला. "तुका काय ठावक?"

"काय म्हणजे? सगळ्यांका ठावक आसा. पोर गेला ता सगळ्यांनी बघल्यानी नाय? टेम्पोत सामान चढवताना सगळी चाळ खाली उभी होती."

"मग कोण बोलला नाय ता?"

"काय बोलतलो?" शेवंती देठं मोडत म्हणाली. "तू सांगतंस, आम्ही आयकतो. बरां वाटता आयकूक."

मालनने मग मेथी सगळी निवडली. वर्षभर दर शनिवारी त्या सगळ्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, अवधूत म्हणाला, अवधूत म्हणाला, हे ऐकत. एकीनेही हसून दाखवलं नाही, एकीनेही दुसरीला कोपर मारलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. चिडवलेलं परत करता येतं. हे कसं परत करायचं ते तिला कळेना. त्या संध्याकाळी तिने पुस्तक उघडलं नाही. शेवंतीनेही पलीकडून काही विचारलं नाही, आणि मालनला तेही नको झालं.

शनिवारी ती खाली गेली. न जाण्याचा विचार केला होता, पण पुस्तक परत करायचं होतं, आणि दुसऱ्याचं पुस्तक ठेवून घेणारी बाई म्हणून तिला राहायचं नव्हतं. खोली भरली होती. भिंतीवर अवधूतच्या नावाचे कागद ओळीने लावलेले, खाली मोकळी जागा, आणि त्या जागेत त्याच्यासाठी एक छोटी लाल खुर्ची.

अक्षदा दाराकडे बघत होती. "आजी, अवधूत?"

मालनने हातातलं पुस्तक छातीशी धरलं. बायकांनी कोणी सतरंजीकडे, कोणी ढोलाकडे बघायला सुरुवात केली. मागून शेवंती घाईने उठली, सांभाळून घ्यायला. "अगो बाय, तो येणार होता, पण त्याला काल रात्रीपासून..."

"ताप नाही," मालन म्हणाली.

"मी ताप खंय म्हटलंय अजून?"

"म्हणणार होतीस. त्याला ताप नाही. तो ठणठणीत आहे." मग ती अक्षदाकडे वळली. "तो इथे राहत नाही, बाय. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर गेला तो बंगळुरूला."

अक्षदाला आधी कळलंच नाही. तिने भिंतीवरच्या कागदांकडे बघितलं, मग मालनकडे. "मग हे प्रश्न?"

"ते मला पडले."

एका मुलीने विचारलं, "मग आजी खोटं बोलली?" तिच्या आईने तिला गप्प केलं. मालन म्हणाली, "बोलली," आणि त्या लाल खुर्चीकडे न जाता नेहमीच्या जागी, भिंतीशी बसली.

कार्यक्रम झाला. मुलांनी थेंब सांगितला, ढग सांगितला, एकाने मधलं सगळं सोडून थेट नदीत उडी मारली. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पुस्तकं वाटायची वेळ आली. मालनने आपलं पुस्तक सतरंजीवर ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

"आजी, थांबा," अक्षदा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. पिशवीतून एक पुस्तक काढून तिने पुढे केलं. "तुम्ही न्या ना. मी देत जाईन तुम्हाला. आणि प्रश्नाचं राहू द्या, तुम्हाला काही सांगायला लागणार नाही."

पोरगी मनाने चांगली. पण मालनला वाटलं, ताटावर बसवून न जेवताच हात धुवायला लावावं तसं झालं.

"मग नको," ती म्हणाली. "मी वाचलं की मला प्रश्न पडणार. ते घेऊन मी कुठे जाऊ?"

अक्षदाने पेन काढलं, कोरा कागद मांडीवर घेतला. "या आठवड्यात काय पडला?"

"समुद्रावर पाऊस पडतो तो कशाला. तिथे कोणाला हवंय पाणी."

अक्षदाने लिहिलं. लिहून झाल्यावर पेन नावाच्या जागी थांबलं. "नाव काय तुमचं, आजी?" वर्षभरात तिने ते कधी विचारलंच नव्हतं.

"मालन."

तिने मालन लिहिलं. वय लिहायची जागा होती, ती मात्र तशीच सोडली. कागद अवधूतच्या कागदांशेजारी लावला. "याचं उत्तर मला नाही माहीत," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी बघू."

मालन नवीन पुस्तक घेऊन तीन मजले चढली. शेवंती एक जिना अंतर ठेवून मागून येत होती, पुढे आली नाही. खोलीत मालनने दिवा लावला, चष्मा चढवला, पहिलं पान काढलं. नदीचं चित्र होतं, काठावर बगळा.

"ऐक हां," ती म्हणाली, आणि थांबली.

आता खाली कोणी त्याचं नाव घेणार नव्हतं. पुढच्या शनिवारी मालनने काय विचारलं असं विचारतील, तिने सांगितलं की लिहून घेतील, उत्तरही देतील. ते काही कमी नव्हतं. पण गेलं वर्षभर तो आठवड्यातून एकदा इथे येत होता, आणि आज ती त्याला बंगळुरूला पोचवून आली होती. टेम्पोत सामान चढलं तेव्हा ती रडली नव्हती, कारण सगळी चाळ बघत होती.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग मालनने चष्मा पुसला आणि, कोणाचंही नाव न घेता, पहिली ओळ वाचली. नदी हळूहळू चालली होती. पुढच्या शब्दात जोडाक्षर होतं. ती थांबली, मागे गेली आणि पुन्हा सुरुवात केली.