एक्केचाळीस नंबरचा घड

"आबा, काकूंनी चुकीचं लिहिलंय का?" मनीषाने विचारलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

काकू म्हणजे माझी बायको, सुमन. तिला जाऊन आठ महिने झालेत. मेलेल्या बाईची चूक दाखवायला मला चोपड्याहून धुळ्याला बोलावलं का, हे ओठावर आलं होतं.

मी केळी कापणीचा मुकादम. शिक्षण तिसरी. टोळी घेऊन मळ्यामळ्यात फिरायचो. कोणता घड कापायचा आणि कोणता आणखी आठ दिवस राहू द्यायचा, हे ठरवणं माझं काम. कच्च्या केळाला कंगोरे असतात, ते बोथट होऊन फळ गोल दिसायला लागलं की काप. हे डोळ्याने कळतं, पुस्तकाने नाही.

धुळ्यातल्या मनीषा आणि निलेश या दोघांनी एक सॉफ्टवेअर काढलं. मोबाईलने घडाचा फोटो काढायचा, ते सांगतं काप की राहू दे. फुकट आहे. ओपन सोर्स म्हणतात त्याला, म्हणजे आतली सगळी मांडणी कोणीही बघावी, कोणीही सुधारावी. त्याला शिकवायला आमचे फोटो घेतले. मी घडासमोर उभा राहून बोलायचो, सुमन फोटो काढायची आणि वहीत नंबर घालून माझं बोलणं लिहायची. ती सातवी शिकलेली होती, अक्षर चांगलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आहे. एवढ्या एकाच ठिकाणी तिचं नाव छापलंय, रेशनकार्ड सोडलं तर.

आता टेस्टचं सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये कोणी काही बदल केला की मशीन आपोआप जुन्यातले काही फोटो त्याला दाखवतं आणि उत्तरं वहीशी ताडून बघतं. जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. त्या आठवड्यात निलेशने एक बदल केला. स्वस्त मोबाईलवर लवकर चालावं म्हणून फोटोच्या कडा कापून फक्त घड ठेवायचा. तेव्हापासून एक्केचाळीस नंबर लाल. वहीत लिहिलंय राहू दे, सॉफ्टवेअर म्हणतंय काप.

"निलेशचा बदल काढला की हिरवं होतं," मनीषा म्हणाली. "म्हणून मी याला दोन दिवस बोलतेय."

"बोलतेय नाही, धुतेय," निलेश म्हणाला. "आबा, तुम्ही घड बघून सांगा, म्हणजे माझी सुटका होईल."

मी चष्मा पुसून बघितलं. कंगोरे गेलेले. फळ भरलेलं.

"हाऊ घड तयार शे," मी म्हणालो. "आंधळासुद्धा कापेल."

म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर आणि वही चूक. मनीषाने पेन खाली ठेवलं. "आबा, एक चुकलं असेल तर बाकीच्यांचा भरवसा काय? मला काकूंची सगळी वही सॉफ्टवेअरमधून काढून टाकावी लागेल. मग यादीतलं नावही..."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "लिहिताना चुकली असेल. घाईची होती ती."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने.

मग मला वाटलं, निदान पूर्ण फोटो तरी बघू. "कडा न कापलेला दाखव," मी निलेशला म्हणालो. त्याने दाखवला. वर, दांड्याला, लाल दोरा बांधलेला होता.

मी स्क्रीनवर त्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, आमची खानदेशातली देवी. तिच्यासाठी प्रत्येक मळ्यात एक घड आधीच राखून ठेवायची आमची रीत. सुमन त्याला लाल दोरा बांधायची. तो घड तयार असो नसो, कानबाईच्या दिवसापर्यंत त्याला कोणी विळा लावत नाही. तशा घडासमोर काप म्हणायला माझी जीभच वळत नाही. राहू दे हे मीच म्हणालो होतो. तिने नुसतं लिहिलं.

"असे दोरेवाले आणखी किती आहेत?" मनीषाने विचारलं.

शोधले. अकरा निघाले, त्यातला टेस्टच्या फोटोंत एक्केचाळीस एकटाच, बाकीचे शिकवण्याच्या फोटोंत. सगळ्यांना उत्तर एकच, राहू दे. निलेशने जुनं सॉफ्टवेअर लावलं आणि एक्केचाळीसच्या फोटोतला दोरा पुसून टाकला. ते म्हणालं, काप. मग दुसऱ्या एका चांगल्या भरलेल्या घडावर माऊसने लाल रेघ ओढली. ते म्हणालं, राहू दे.

निलेशने तेच पुन्हा करून बघितलं. उत्तर तेच आलं.

"म्हणजे हे दोरा बघत होतं," मनीषा हळूच म्हणाली. "इतके दिवस पास होत होतं ते दोरा बघून."

मी पिशवीतून वही काढली. तिची वही मी घरी ठेवून कुठे जात नाही. एक्केचाळीसचं पान उघडलं. तिने लिहिलं होतं: राहू दे, कानबाईचा. अकराच्या अकरा ठिकाणी तसंच.

निलेश वहीकडे बघत राहिला. "आबा, हे मीच टाइप केलं होतं. फॉर्ममध्ये दोनच बटणं होती. काप आणि राहू दे. कानबाई कुठे घालू कळेना, म्हणून सोडून दिलं."

"मला फोन करायचा."

"वाटलं, काकूंनी आपलं काही तरी लिहिलंय."

मीही तेच म्हणालो होतो, अर्ध्या तासापूर्वी.

चौघांत एकटी तीच बरोबर होती, आणि तीच खोलीत नव्हती.

फॉर्ममध्ये तिसरं बटण आलं, राखीव. ते अकरा फोटो त्यात गेले. त्यातला कोणता तयार, कोणता कच्चा हे मी पुन्हा एकेक बघून सांगितलं. राखीव कोणता हे माणसाने ठरवायचं; सॉफ्टवेअरला तयार की कच्चा एवढंच नव्याने शिकवलं. निलेशचा बदल राहिला, वही राहिली, नाव राहिलं. चारच्या सुमारास सगळ्या खुणा हिरव्या झाल्या. मनीषाने चहा मागवला.

टेस्ट पास झाली की ती काय बघून पास झाली, हेही विचारावं. आणि कोणाची चूक म्हणण्याआधी त्याने लिहिलेलं पूर्ण वाचावं. मला हे या वयात कळलं, आणि ज्या माणसाला सांगायचं ते राहिलं नाही.

यंदा श्रावणात दोरा मी बांधला. गाठ नीट बसली नाही, तिची बसायची. फोटो काढून सॉफ्टवेअरला दाखवला. त्याने दोऱ्याकडे बघितलंही नाही. म्हणालं, काप.

मी विळा खाली ठेवला आणि पुढच्या झाडाकडे गेलो.