जाळ्यांच्या रंगाचं पाणी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला होता: शेवग्याच्या बियांनी पाण्यातला रंग काढायचा. त्यावर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

रंगाचं पाणी घरीच मिळायचं. काका नायलॉनच्या जाळ्यांना लाल रंग द्यायचे, ड्रममधलं उरलेलं पाणी माडाच्या मुळात ओतायचे. अडत होतं बियांपाशी. त्या झाडावरच सुकलेल्या हव्यात, आणि काकी कोवळ्या शेंगा काढून मोकळी व्हायची.

"सुकेपर्यंत शेंगो झाडार कोण ठेयता गो? आमटी काय तुझे सर घालतले?"

शेवटी मागच्या फांदीवरच्या सहा शेंगा तिच्या नजरेतून सुटल्या. बिया कुटल्या, विहिरीच्या पाण्यात घोळवल्या, ते पाणी गाळून लाल पाण्यात ओतलं. तासाभरात तळाशी लाल गाळ आणि वर जवळजवळ नितळ पाणी. तीनदा केलं, तीनदा जमलं. वहीत मात्र मी 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलं. पुस्तकात तेच होतं आणि घरची विहीर वहीत लिहायची मला लाज वाटली.

कॉलेजात सरांसमोर खरंच डिस्टिल्ड पाणी घेतलं. तासाने बीकर होता तसाच लाल.

"घरी होतं आणि इथे होत नाही?" सर म्हणाले. मागे कुणीतरी हसलं.

घरी येऊन बिया भिरकावल्या. काकीने कारण विचारलं, तेव्हा पाण्याचंही सांगून टाकलं.

"मार्च लागलो की आपली बावडी खारट होता. म्हणान तर च्यायेक मी नळाचा पाणी घेतंय. रोज च्याय पितंस, इतक्यां दिसला नाय तुका?"

नव्हतं दिसलं. बियांतलं रंग धरणारं सत्त्व मिठाच्या पाण्यात चांगलं उतरतं, हे मग ग्रंथालयात सापडलं.

सोमवारी भिरकावलेल्यांपैकी सापडल्या तेवढ्या बिया आणि विहिरीच्या पाण्याची बाटली नेली. सरांसमोर लाल पाणी निवळलं.

"कुठलं पाणी हे?"

"घरच्या विहिरीचं. खारट आहे." आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

त्यांनी वही उघडली, 'डिस्टिल्ड'वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग ती तीन पानं लाल पेनने आडवी खोडली.

"प्रयोग बरोबर आहे. वही खोटी आहे. सगळं परत करून, परत लिहून आण. मग सही."

परीक्षेला बारा दिवस होते, बिया संपल्या होत्या आणि झाडावर सुकलेली एकही शेंग नव्हती.