न पाठवलेल्या मेसेजचं उत्तर

भुताखेतांच्या गोष्टी मला लहानपणापासून कंटाळवाण्या वाटत आल्यात. माझं कामही असं की त्यात अशा गोष्टींना जागाच नाही. तरी हे लिहितेय... कारण यात मी स्वतः होते.

यवतमाळात बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत मी ग्राहकांना जाणारे ऑटोमॅटिक मेसेज बघायचे. शेतकऱ्याने औषध घेतलं की दुकानाच्या बिलावरून त्याचं नाव, गाव, मोबाईल सिस्टिममध्ये यायचं. लगेच आभाराचा मेसेज. आठवड्याने दुसरा – ‘फवारणीत काही अडचण? असल्यास १, नसल्यास २ पाठवा.’ त्याने १ पाठवला की तीच माहिती पुढच्या पायरीकडे जायची आणि त्या भागातल्या आमच्या माणसाच्या मोबाईलवर काम पडायचं. मागच्या पायरीने दिलं नाही ते पुढच्या पायरीला मिळणं शक्यच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ते बोंडअळीचं वर्ष. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, आणि फवारता फवारता माणसं विषबाधेने पडत होती.

एका दुपारी पांढरकवड्याच्या आमच्या प्रफुलचा फोन आला.

“मॅडम, हे काय पाठवलं तुम्ही? देवराव, केळापूर. अडचणीच्या जागी लिहून हाये – ‘बोरीखाली पडलो हावो.’”

त्या जागी फक्त आकडा येतो. मी म्हटलं, काहीतरी चुकलंय, सोडून दे.

“मी त्याच रोडवर हावो,” तो म्हणाला. “वावर पाह्यलेलं हाये त्याचं. पाहून येतो.”

देवराव खरंच बांधावरच्या बोरीखाली पडलेला होता. पाठीवर पंप तसाच, तोंडाला फेस. प्रफुलने शेजारच्या वावरातल्या लोकांना हाका मारल्या, देवरावच्या अंगावरचे कपडे काढून त्याला धुतलं आणि जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

मी इकडे रेकॉर्ड उघडलं. देवरावने औषध आदल्याच दिवशी घेतलं होतं. अडचण विचारणारा मेसेज त्याला गेलाच नव्हता! उत्तर आल्याची नोंद नाही. मधली पायरी रिकामी, आणि तिच्या पुढच्या पायरीत ते वाक्य.

सॉफ्टवेअरवाल्यांनी बरेच दिवस शोधलं. त्यांचा माणूस शेवटी मला म्हणाला, “दुसऱ्याचं नाव चुकून चिकटलं असतं तर समजलो असतो. पण हे वाक्य टाइप कोणी केलं?”

देवराव घरी आल्यावर मी आणि प्रफुल केळापूरला गेलो. त्याचा मोबाईल त्या दिवशी घरीच होता, चार्जिंगला. बायको इंदूबाईही घरीच. तिला लिहिता येत नाही, आणि तो पडल्याचं तिला प्रफुलच्याच फोनवरून कळलेलं.

“मले धड आठवत नाही,” देवराव म्हणाला. आवाज अजून खोल गेलेला. “अंधारी आली, पडलो. बोंबलाव म्हटलं तर तोंडातून शब्द निघेना. मंग कोणीतरी इचारलं, काय अडचण हाये म्हणून. म्या मनातच सांगतलं.”

“कोणी इचारलं? बाई का मानूस?” प्रफुलने विचारलं.

“आवाज नव्हता ना. इचारलं, येवढंच समजलं.”

इंदूबाईने चहा आणला. तिला सिस्टिम, पायऱ्या वगैरे मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

आम्ही निघालो तशी ती फाटकापर्यंत आली.

“ताई, ज्यानं तो मेसेज धाडला, त्याले सांगजा... मानूस उठून बसला म्हणा. जेवाले लागला आता.”

मी “हो, सांगते” म्हणाले. कोणाला सांगायचं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.