सुरुंगवाल्याने गाळलेली ओळ

खाणीवर त्याला सगळे सुरुंगवाला म्हणत आणि त्याचा स्वभावही धंद्याला साजेसाच होता: वात आखूड, आवाज मोठा. डब्यात केस निघाला तर डबा भिंतीवर जाई. असा माणूस दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो हे ऐकून नवे कामगार हसत. एकदा हसले की पुन्हा हसत नसत.

दोन वर्षांपूर्वी मुकादमाने त्याच्या धाकट्या भावाला मारलं. एका मजुराचा पाय दगडाखाली चिरडला, तेव्हा धाकट्याने काम थांबवलं आणि मुकादमाला तोंडावर कसाई म्हटलं, एवढंच निमित्त. मुकादमाने घणाचा दांडा उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. धाकटा आडवा झाल्यावरही तो डोक्यावर हाणतच राहिला. सगळी खाण बघत होती. साक्षीची वेळ आली तेव्हा सगळ्या खाणीची दातखीळ बसली. सुरुंगवाल्याने एकट्याने तोंड उघडलं, तर कोर्टातून परतताना मुकादमाच्या माणसांनी त्याला गाठून त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. मुकादम सुटला आणि सोमवारी कामावर हजर झाला.

धाकटा जगला, पण जगला म्हणायचं एवढंच. तीस वर्षांचा बाप्या लाळ गाळत खिडकीशी बसून राही. रोज सकाळी कामावर जाण्याआधी सुरुंगवाला दुधात पाव कुस्करून त्याला आपल्या हाताने भरवी. धाकटा हाताकडे बघून तोंड उघडी. चेहरा त्याला ओळखू येत नसे, हात मात्र येई.

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना सुरुंगवाला एक ओळ गाळू लागला. आम्हीही दुसऱ्यांना क्षमा केली आहे, असं म्हणणारी ती ओळ आली की ओठ घट्ट मिटायचा आणि पुढची आली की पुन्हा सुरू व्हायचा. देवापुढे खोटं बोलायचं नाही, असा त्याचा हिशोब. शेजारी उभी असलेली बायको हे ऐकत होती, म्हणजे ऐकू येत नाही हे ऐकत होती. शेवटी तिने पाळकांच्या कानावर घातलं. पाळकांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, की कडवटपणाचं मूळ वेळीच उपटावं, नाहीतर ते माणसाचं आख्खं घर पोखरतं.

"हे मूळ सुरुंगाशिवाय निघायचं नाही, पाळकसाहेब," तो म्हणाला आणि टोपी घालून चालू लागला.

आता खाणीची एक रीत सांगायला हवी. खड्ड्याच्या तोंडाशी एक फळी होती, तिच्यावर प्रत्येकाच्या नावाचा खिळा. खाली उतरताना आपला पत्र्याचा बिल्ला काढून न्यायचा, वर आलं की परत टांगायचा. सगळे खिळे भरले म्हणजे खड्डा रिकामा. मग सुरुंगवाल्याने तीन शिट्ट्या मारायच्या, एकट्याने खाली जाऊन वाती पेटवायच्या आणि वर यायचं. मुकादमाला मात्र ही मजुरांची कामं वाटत. त्याचा बिल्ला बारा महिने खिळ्यावरच असे. शिट्टीआधी तो आपोआप वर येई, म्हणून कोणी बोलत नसे.

त्या दुपारी फळी भरलेली होती. शिट्ट्या झाल्या. सुरुंगवाला खाली उतरला, काडी ओढली आणि त्याला खडकाच्या आडोशाला दोन बूट दिसले. मुकादम दुपारची ढोसून सावलीत घोरत पडला होता.

फळी भरलेली होती. जगातलं कुठलंही कोर्ट त्याला दोष देणार नव्हतं. साक्षीदारही नव्हता, आणि असता तरी या खाणीतले साक्षीदार त्याने पाहिले होते. त्याने पहिली वात पेटवली. मग दुसरी, मग तिसरी. सांगायला जीभ रेटत नाही, पण त्याला त्या क्षणी फार बरं वाटलं. पाठ फिरवून तो चढ चढू लागला.

वीसेक पावलांवर त्याने घाम पुसायला हात वर केला. हाताला दारूचा वास होता, सुरुंगाच्या दारूचा. उद्या सकाळी धाकटा याच हाताकडे बघून तोंड उघडणार होता.

तो उलटा धावला. वाती जळत खडकातल्या भोकांत शिरल्या होत्या, उपटायची सोय राहिली नव्हती. त्याने मुकादमाची गचांडी धरून ओढलं. मुकादम जागा झाला, अंगावर कोण आलंय ते पाहिलं आणि समजायचं ते समजला. हाताला लागेल तो दगड घेऊन त्याने सुरुंगवाल्याच्या तोंडावर घातला. दोन दात तिथेच पडले. समजावत बसायला वेळ नव्हता. सुरुंगवाल्याने त्याच्या हनुवटीवर एकच ठोसा दिला, दोन वर्षं राखून ठेवलेला, आणि तो शुद्ध हरपलेला देह खांद्यावर टाकून पळाला. चढाच्या मध्यावर असताना खडक फुटला.

मुकादमाचा पाय तीन ठिकाणी मोडला. सुरुंगवाल्याच्या दोन्ही कानांतून रक्त आलं आणि मग जगाचा आवाज जवळजवळ बंदच झाला.

गावभर त्याचा देवमाणूस झाला. ते त्याला सहन होईना. आठवड्याने तो इस्पितळात मुकादमाच्या खाटेशी जाऊन उभा राहिला.

"तू दिसल्यावर वाती पेटवल्या मी," तो म्हणाला. "आधी नाही. तक्रार करायची तर कर."

मुकादमाचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही, तेव्हा सुरुंगवाल्याने कान पुढे केला.

"मग परत का आलास?" मुकादम त्याच्या कानात ओरडला. सगळा वॉर्ड वळून बघू लागला.

"भावाला भरवायचं असतं," सुरुंगवाला म्हणाला आणि आपला हात त्याला दाखवला.

मुकादमाने तक्रार केली नाही. माफीही मागितली नाही. तेवढा काही तो बदलला नव्हता. पण कुबडी घेऊन कामावर आल्यावर, तो खड्ड्यात असेपर्यंत त्याचा खिळा रिकामा दिसू लागला.

तो रिकामा खिळा पहिल्यांदा दिसला त्या आठवड्याच्या रविवारी सुरुंगवाला पहिल्या बाकाशी उभा राहिला. प्रार्थना त्याला ऐकू येत नव्हती, म्हणून तो बायकोच्या ओठांकडे बघत म्हणत होता. ती ओळ आली आणि बायको सवयीने, तो म्हणतो का हे ऐकायला, त्याच्याकडे न बघता थांबली. तो थांबला नाही. आपला आवाज केवढा झालाय हे त्याला कळत नव्हतं. आख्खं चर्च गप्प झालं, आणि ती ओळ त्याने एकट्याने, खड्ड्यातल्या माणसांना हाक मारावी तशी, शेवटपर्यंत म्हटली.