केळशीला, कंपनीला न विचारता

मांडवीच्या घरातून स्कूटर बाहेर काढली तेव्हा शेजारचे नाना कुंपणाशी दात घासत उभे होते. तोंडातला फेस सावरत म्हणाले, "सुनंदाताई, ह्या खेळण्यावर केळशी? आज एसटी बंद आहे का?"

"एसटी चालू आहे नाना. मला एसटीने जायचं नाहीये."

"आणि वाटेत थांबली तर?"

"तर ढकलीन. तुम्हाला नाही बोलावणार, काळजी करू नका."

नाना हसले. मी मात्र हसायच्या मनःस्थितीत नव्हते. ही भानगड आधीच सांगून टाकते, नाहीतर बाई भर मे महिन्यात दोन खाड्या ओलांडून बॅटरीच्या स्कूटरवर का निघाली, ते कळायचं नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. फुकटची जाहिरात कशाला? एवढंच सांगते की त्यांचे मोठे साहेब टीव्हीवर येऊन देशाचं भविष्य वगैरे फार बोलतात आणि तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांशी फोनवरच्या चव्हाट्यावर भांडतात. कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी त्यांची स्कूटर घेतली, आणि मला ती एवढी आवडली की केळशीला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मी तशीच दुसरी घ्यायला लावली. आक्काचा धंदा तांदळाच्या भाकऱ्यांचा. केळशी, आडे, आंजर्ले इथे पर्यटकांना घरगुती जेवण देणारी जी घरं आहेत, त्यांना ती गरम भाकऱ्या पोचवते. भाकरी गार झाली की तिला कोण विचारतो? म्हणून गाडी. आक्काकडे साधा बटणांचा फोन, तेव्हा दोन्ही गाड्या माझ्याच नंबरावर, एकाच खात्यात नोंदवल्या. आमच्याकडे गॅसपासून डिशपर्यंत सगळं असंच चालतं, ज्याला फोन कळतो त्याच्या नंबरावर अख्खं घर.

मार्चमध्ये माझी गाडी आरेच्या चढावर बंद पडली, निम्मी बॅटरी शिल्लक दाखवत असताना. कंपनीने सांगितलं, तुमच्या घरचं अर्थिंग खराब, गाडी असल्या रस्त्यांसाठी नाहीच, चूक तुमची, वॉरंटी नाही. माझं डोकं सटकलं. त्याच चढावर उभं राहून मी एक व्हिडिओ केला आणि टाकला. लोकांनी तो भरभरून पाहिला. मग कंपनीचा गोड आवाजातला फोन, व्हिडिओ काढा. मी म्हटलं, नाही काढत. आठवडाभराने खातं बंद, "नियमभंग" म्हणून. गाडीचा वेग आणि कुलूप दोन्ही कंपनी त्या खात्यावरून लांबूनच चालवते. माझी गाडी तेव्हापासून रांगत चालते, आणि आक्काची तर जागच्या जागी कुलूपबंद झाली, ऐन हंगामात. व्हिडिओ पुसला की खातं सुरू, असा निरोप होता. फोनवर आक्का "बघू गो, होईल काहीतरी" एवढंच म्हणत होती, आणि ते ऐकून मला जास्त लागत होतं. म्हणून ठरवलं, समोर बसून तिला विचारायचं. ती म्हणाली पूस, तर पुसायचा. पण जायचं त्याच गाडीवरून.

आरे-वारेचा रस्ता किती सुंदर आहे हे सांगायला नको. डावीकडे समुद्र, खाली सुरूचं बन, वर करवंदांनी काळ्या झालेल्या जाळ्या. मला एवढ्या सावकाश जावं लागत होतं की सगळं नीट पाहता आलं, एवढा एक फायदा. मागून येणारे पुण्याचे गाडीवाले हॉर्न वाजवून वैतागत होते. तो चढ आला तेव्हा मी गाडीला मोठ्याने बजावलं, "आज थांबलीस तर इथेच समुद्रात ढकलीन." चढली बापडी. मी वर थांबून दोन घोट पाणी प्यायले आणि पुढे निघाले.

गणपतीपुळ्याला एका मोठ्या हॉटेलबाहेर चार्जिंगचे खांब आहेत. एकाची पिन माझ्या गाडीत जाईना, दुसऱ्याची त्याहून जाडी. तिसरा खांब आमच्याच कंपनीचा. पिन बसली. मला आनंद झाला तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली, "खाते निलंबित."

हॉटेलचा मॅनेजर शेजारी उभा होता. म्हणाला, "मॅडम, पिन तर तुमचीच आहे."

"पिन माझी, गाडी माझी, पैसे माझे. वीज तेवढी त्यांच्या मर्जीची."

"प्रत्येकाचं भोक वेगळं कशाला करतात हो? मोबाईलसारखं एकच करायचं ना."

"एकच केलं तर तुम्ही आम्ही त्यांच्या दारात कशाला जाऊ?"

त्याला पटलं असावं. त्याने मला स्वयंपाकघराच्या मागे नेलं, इडलीचं पीठ वाटायच्या यंत्राचा प्लग काढला आणि पॉवरचा पॉइंट (फ्रिजला लागतो तो मोठ्या तीन भोकांचा) मला मोकळा करून दिला. पिशवीतला घरगुती चार्जर लावला, हिरवा दिवा लागला. आचाऱ्याने घावणे आणि नारळाचा रस पुढ्यात ठेवला. पीठ वाटायचं खोळंबलं म्हणून तो कुरकुरत होता, पण वाढताना हात आखडला नाही.

जयगडला फेरीबोटीत गाडी चढवताना बोटीवरचा माणूस ओरडला, "ओ ताई, बॅटरीची ना? एकदम कडेला लावा."

"का?"

"पेट घेतलान तर ढकलायला बरी."

"मला की गाडीला?"

"दोघींना," तो म्हणाला, आणि अख्खी बोट हसली. मीही हसले. मग त्याने स्वतःच चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि मावशींना बसायला जागा द्या म्हणून दोन पोरांना उठवलं. ताईची मावशी व्हायला खाडी अर्धीसुद्धा ओलांडावी लागली नाही.

तवसाळ सोडलं की चढ आणि मग कातळ (जांभ्या दगडाचा उघडा माळ). मे महिन्यात तिथे उभं राहवत नाही, चपलेतून चटका लागतो. गाडीचा काटा खाली आला होता. रस्त्यालगत एकच घर दिसलं, पडवीत एक वृद्ध गृहस्थ सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लावा की. करंट काय कुणाच्या बापाचा नाय."

लावला, तर चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग नाही. मार्चपासून कंपनीने हाच एक शब्द माझ्या तोंडावर मारला होता. डोक्यात तिडीक गेली. पण कोकणात जन्मलेल्या माणसाला हे ठाऊक असतं की उन्हाळ्यात कातळावरचं अर्थिंग सुकतं आणि त्याला पाणी पाजावं लागतं.

"आजोबा, तुमचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?"

"हाय मागल्या दारी. कशाला?"

"मीठपाणी ओतते."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "हात्तिच्या! अहो, आमची बावडी (विहीर) तळाला गेली. माणसांना पाणी पुरत नाय आणि तुम्ही खड्ड्याला पाजताव?"

बोलणं खरं होतं. मला भलतंच शरमल्यासारखं झालं. मी चार्जर गुंडाळायला लागले. तेवढ्यात आतून त्यांची सून भांडी घासल्याचं पाणी घेऊन बाहेर आली. "हे चालंल काय? नायतरी केळीच्या बुडात टाकनार होते." मी म्हटलं, चालेल नाही, पळेल. आम्ही दोघींनी खड्ड्यात मूठभर जाडं मीठ टाकलं आणि वर ते राखेचं पाणी ओतलं. सासरे पडवीतून बघत होते. जरा वेळाने लाल दिवा गेला आणि हिरवा लागला. सून टाळ्या वाजवत सुटली. सासरे म्हणाले, "म्हंजे एवढाच रोग होता?"

"एवढाच. पण कंपनी म्हणते, गाडी ह्या रस्त्यांसाठी नाही."

"मग हितं इकलान कशाला?"

हाच प्रश्न मी व्हिडिओत विचारला होता, त्यांच्याएवढ्या थोडक्यात मला जमला नव्हता. कोकमाचं सरबत, मग ताक, मग भात आणि सुकटीची चटणी, असं करत बॅटरी भरली. संध्याकाळी गुहागरला कचेरीतल्या जुन्या मैत्रिणीकडे मुक्काम केला. तिने रात्रभर गाडीला आणि माझ्या रागाला दोघांनाही जागा दिली.

सकाळी धोपाव्याहून बोटीने दाभोळला उतरले. धक्क्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास, जाळी सांधणारी माणसं, चहाची टपरी. तिथे चहा घेताना फोन वाजला. निरोप कंपनीचाच, "व्हिडिओ काढल्यास आपली दोन्ही वाहने पूर्ववत." माझा अंगठा पुसायच्या खुणेवर गेला, हे लपवत नाही. माझं काय, मला पेन्शन आहे, मी ताठ मान करून बसेन. भाकऱ्या आक्काच्या गार होतात. दुसऱ्याच्या चुलीवर आपला स्वाभिमान शेकणं बरं नव्हे. चहा संपवला, फोन पिशवीत टाकला आणि केळशीचा रस्ता धरला.

हर्णै, आंजर्ले, आडे. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा तो रस्ता मी लग्नघरच्या वऱ्हाडासारखा मजेत केला आहे, पण त्या दिवशी आक्काला कसं विचारायचं तेच मनात घोळवत होते. आक्काचं घर आलं. अंगणात तिची स्कूटर गोणपाटाखाली उभी होती. मी माझी तिच्या शेजारी लावून बंद केली, आणि जरा सावलीत घ्यावी म्हणून चावी फिरवली. पडद्यावर "पडताळणी आवश्यक" अशी अक्षरं आली. पुन्हा चावी फिरवली, पुन्हा तीच अक्षरं. माझी गाडी कुलूपबंद झाली होती, ती आक्काच्याच अंगणात.

आक्का पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "आलीस गो? आणि ही पण गेली?"

"गेली."

"बरं झालं, माझीला सोबत झाली. आत ये, जेव आधी."

जेवताना मी सगळं बोलले. म्हटलं, आक्का, तू सांग. तू म्हणशील तर आत्ता पुसते, मला त्याचं काही वाटणार नाही. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली.

"त्यात खोटं बोललीस काय?"

"नाही."

"मग पुसतेस कशाला? आज पुसलंस तर उद्या सांगतील, चांगली म्हणा. माझ्या अंगणात उभी माझी गाडी, आणि तिला हलवायला मी कुठल्या सायबाच्या पाया पडू?" तिचा आवाज चढला होता. "पुसलंस तर माझ्या दारात येऊ नको. आणि तो फोन हिकडे आण. मला पण बोलायचंय."

पदराला हात पुसून आक्का दोन्ही गाड्यांच्या मधे उभी राहिली. कॅमेऱ्याकडे बघत, बाजारात मासळीचा भाव ठरवावा तशी बोलली. भाकरी गार झाली तर गिऱ्हाईक मला बोलतं, मी ऐकून घेते, बोलणाऱ्याच्या तोंडाला कुलूप नाही घालत. तुम्ही कोण लागून गेलात? एवढंच. मी ते तसंच टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने पुठ्ठ्यावर कोळशाने लिहून गाड्यांवर लावलं, "खरं बोलल्यामुळे बंद." जेवणवाल्या घरांची माणसं भाकऱ्या न्यायला स्वतः यायला लागली, त्यांच्यामागे पर्यटक. पाटीशेजारी फोटो काढायचे आणि जाताना दोन भाकऱ्या जास्तीच्या घ्यायचे. सगळं भागलं असं नाही. आंजर्ल्याचं एक जेवणवालं घर गिऱ्हाईक म्हणून तुटलं ते तुटलंच.

परतताना मी एसटीनेच निघाले. दापोलीच्या स्टँडवर बस बदलायला उतरले तर फोन. ह्या वेळी आवाज वरच्या कुणाचातरी, घाईतला. "मॅडम, दोन्ही व्हिडिओ काढा. पाच मिनिटांत दोन्ही गाड्या चालू होतील."

"पाच मिनिटांत?"

"इथूनच करतो, लगेच."

"अर्थिंगचं काय?"

"ते... ते आम्ही बघून घेऊ."

"म्हणजे गाडीत बिघाड नाहीच. बिघाड माझ्या तोंडात आहे."

एवढ्यावर मी सोडलं नाही. मी म्हटलं, "साहेब, हे पाच मिनिटांचं जरा परत सांगा. रेकॉर्ड करते."

फोन कट झाला. मी खिडकीशी बसले आणि खेडच्या घाटापर्यंत एकटीच हसत होते, कंडक्टर दोनदा बघून गेला. बॅटरीची गाडी वाईट नाही. ती कातळ चढली, दोन खाड्या ओलांडून गेली, भांडी धुतलेल्या पाण्यावर भरली. उद्या परत घेईन, पण माझ्या चावीने चालणारी घेईन. मांडवीला घरी पोचले तेव्हा नाना कुंपणाशीच होते.

"काय ताई, गाडी कुठाय?"

"केळशीला आहे नाना. आक्काच्या अंगणात उभी आहे, आणि बोलते आहे."